दरवेळी फोन मीच का करायचा?

पाचपाखाडी :
बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. घरी बोलले की "सोडून दे, ज्याला गरज असेल तो करेल फोन" एवढ्यावर संपतो, म्हणून इथे मांडते.

आम्ही पाच जणी. शाळा ठाण्यात, कॉलेजही ठाण्यातच. मग लग्नं, नोकऱ्या, घरं यांत पांगलो. एक कासारवडवलीला, एक ऐरोलीला, एक खारघरला, एक पुण्यात आणि मी अजून पाचपाखाडीतच. भांडण कधीच झालं नाही. भेटलो की तासन्‌तास गप्पा होतात, निघताना "आता लवकर भेटायचं हं" असं सगळ्याच म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. मग शांतता. पुढचा मेसेज माझाच. तारीख मी विचारायची, जागा मी सुचवायची, दोघींना जमत नाही म्हटल्यावर तारीख बदलायची तीही मीच. वाढदिवस लक्षात ठेवायचे मी. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडला या म्हणून मागे लागायचं ते मी.

धावपळीचं मला काही वाटत नाही, माणसं जमवायला मला आवडतं. त्रास होतो तो मेसेज वाचून तसाच ठेवला जातो त्याचा. निळ्या खुणा उमटतात, दुपारी त्याच मैत्रिणीचं स्टेटस दिसतं, आणि माझा प्रश्न तिथेच पडलेला असतो. एखादीला खरंच वेळ नसेल, समजू शकते. पण चौघींना? आणि वर्षानुवर्षं?

हल्ली वाटतं, आपण थांबून बघावं. कोण आधी फोन करतं ते तरी कळेल. आणि कोणीच केला नाही तर? ते कळून मी काय करू?

ज्यांना असे मित्र आहेत त्यांनी काय केलं ते सांगा. जे स्वतः फोन करत नाहीत, उत्तरं देत नाहीत, त्यांनीही जरूर लिहा. मला तुमची बाजू खरंच ऐकायची आहे.

सानपाडा_पूर्व :
+१. माझ्याच मनातलं लिहिलंय. वाचतेय.

कोलशेत :
कृपा करून थांबून बघू नका.

माझ्या भावाने हेच केलं. शाळेपासूनचा मित्र, दरवेळी भावानेच फोन करायचा. एके दिवशी ठरवलं, आता त्याने केल्याशिवाय मी करणार नाही. दोन वर्षं गेली. मग एका लग्नात दोघं समोरासमोर आले, तेव्हा कळलं की मित्राला वाटत होतं भावाला बढती मिळाली, नवीन जबाबदारी आहे, त्याला उगाच त्रास नको. इकडे भाऊ दोन वर्षं मनात कुढत होता. ज्याची परीक्षा घेतली त्याला परीक्षा चालू आहे हेच माहीत नव्हतं. मग निकाल लावायचा तो कशाचा?

विचारायचं तर तोंडाने विचारा. उत्तर वाईट आलं तरी ते निदान खरं असेल.

ऐरोली_रातपाळी :
तुम्ही दुसरी बाजू मागितलीत म्हणून लिहितो. मी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये अमेरिकेच्या वेळेवर काम करतो. घरी येतो पहाटे, उठतो दुपारी. उठलो की फोनवर पन्नास मेसेज. सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा, बायकोचा, आईचा. मित्राने "काय रे, कसा आहेस?" विचारलेलं असतं, आणि नेमकं त्यालाच उत्तर द्यायचं राहतं. कारण बाकीच्यांना "हो", "नाही", "पोचलो" एवढं चालतं. त्याला नीट लिहायचं असतं, म्हणून ते रात्रीवर जातं. रात्री कॉल सुरू.

निळ्या खुणांबद्दलही सांगतो. व्हॉट्सअॅपने त्या २०१४ च्या नोव्हेंबरात आणल्या, आणि तेव्हापासून लोक त्यावरून नाती मोजायला लागले. त्या बंदही करता येतात, फक्त ग्रुपमध्ये बंद होत नाहीत. शिवाय नोटिफिकेशनवरूनच मेसेज वाचला तर खूण उमटतच नाही. म्हणजे खूण नाही याचा अर्थ वाचलं नाही असा होत नाही, आणि खूण आहे याचा अर्थ निवांत बसून वाचलं असाही होत नाही. लिफ्टमध्ये उघडलेलं असतं.

मी आता एक करतो. वाचलं आणि उत्तर देता आलं नाही की ते चॅट पुन्हा न वाचलेलं म्हणून ठेवतो. हिरवा ठिपका दिसत राहतो. बऱ्यापैकी फरक पडला.

दिवागाव :
सगळे समजून घ्या म्हणतायत, म्हणून मी उलट लिहितो.

माझे वडील आजारी होते, तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये. माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला माहीत होतं, मी स्वतः सांगितलं होतं. एक फोन नाही. वडील गेल्यावर ग्रुपवर हात जोडलेलं चित्र आलं. नंतर सहा महिन्यांनी त्याचा फोन आला, त्याला कोणाचा तरी नंबर हवा होता. मैत्रीत हिशेब ठेवू नये, हे मी लहानपणापासून ऐकतोय. पण असं म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्याकडे देणं असतं. मी त्याला काही बोललो नाही, भांडलो नाही. फोन करणं सोडलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पाचपाखाडी, तुम्हालाही तो हक्क आहे.

कोलशेत :
दिवागाव, तुमच्या बाबतीत मीही तेच केलं असतं. पण ही दोन वेगळी माणसं आहेत. एक, जो स्वतःहून फोन करत नाही पण हाक मारली की येतो. दुसरा, जो हाक मारूनही येत नाही. पाचपाखाडींच्या मैत्रिणी भेटतात, तासन्‌तास बसतात. त्या पहिल्या प्रकारातल्या वाटतात.

नौपाडा_जुना :
मी सत्तरीला आलो. जन्म नौपाड्यातला.

आमच्या वेळी "भेटूया का?" असं कोणी कोणाला विचारत नसे. १९७८ साली गडकरी रंगायतन सुरू झालं, त्यानंतर तलावपाळीचा तो कोपरा हा आमचा कट्टा झाला. ऑफिस सुटलं, ठाण्याला उतरलो, की घरी जायच्या आधी तिथे डोकवायचं. जो असेल तो असेल. फोन आमच्यापैकी दोघा-तिघांकडेच, त्यामुळे फोन केला नाही म्हणून रागवायचा प्रश्नच नव्हता.

आमच्यात एक जण असा होता की त्याने उभ्या जन्मात कोणाला "ये" म्हटलं नसेल. पण रोज कट्ट्यावर हजर. पाऊस असो, परीक्षा असो. माझ्या लग्नात मांडव घालण्यापासून तो होता. आज तो मुलाकडे घोडबंदर रोडला राहतो, आणि आमच्यातलेच काही जण तक्रार करतात की हा फोन करत नाही. अरे, तो तेव्हा तरी कुठे करत होता? माणूस तोच आहे, गेला तो कट्टा. बोलावण्याचं काम पूर्वी जागा करायची, ठरलेली वेळ करायची. आता ते काम एकेका माणसाच्या अंगावर पडलं आहे, आणि ज्याला ते जमतं तोच दमतो. घोडबंदरवरून तलावपाळीला सहज डोकावून जाता येत नाही, हे त्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या कोणालाही विचारा.

तुमचं दमणं मला पूर्ण पटतं. पण त्या चौघींना तुम्ही नको आहात, असं तुमच्या लिहिण्यातून मला दिसत नाही. तुम्हा पाच जणींना कट्टा नाही, हे दिसतं.

सानपाडा_पूर्व :
काका, हे वाचून डोळे भरून आले.

समांतर :
नौपाडा_जुना यांचा प्रतिसाद फार आवडला. मी मानसशास्त्र शिकवतो, त्याला थोडी जोड देतो.

लारा अॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ साली जुन्या मित्रांशी पुन्हा संपर्क साधण्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यात असे लोक निवडले होते ज्यांना त्या मित्राशी बोलायची इच्छा होती, त्यालाही आवडेल असं वाटत होतं, आणि ज्यांच्याकडे नंबर होता. त्यांना तिथेच बसून लिहायला वेळ दिला. तरी प्रत्यक्ष मेसेज पाठवणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. म्हणजे इच्छा असणं आणि मेसेज जाणं यांत बरंच अंतर असतं. आणखी एक गोष्ट त्यांनी करून पाहिली. आधी तीन मिनिटं रोजच्या संपर्कातल्या लोकांना मेसेज लिहायला लावले आणि मग जुन्या मित्राला. तेव्हा पाठवणारे निम्म्याहून जास्त झाले. हात सैल झाला, की जुनं नावही समोर येतं.

पेगी लिऊ यांच्या २०२२ च्या संशोधनातही असंच दिसलं, की आपण आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज लोक नेहमी कमी बांधतात. फोन न करणाऱ्याला बऱ्याचदा असंच वाटत असतं, की "माझ्या फोनने तिला काय मोठं होणार आहे?"

आणि वेळेचा प्रश्न आहेच. रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार आपल्या अगदी आतल्या वर्तुळात साधारण ५ माणसं मावतात, पुढच्यात १५. माणसांना देतो त्या वेळातला सुमारे ४० टक्के वेळ त्या पाचांनाच जातो. चाळिशीत नवरा किंवा बायको, मुलं, दोन्हीकडचे आईवडील एवढ्यातच ते पाच भरून जातात. मैत्रीण बाहेरच्या वर्तुळात सरकते. तिला कोणी तिथे ढकललेलं नसतं.

दिवागाव :
समांतर, म्हणजे कोणाचाच दोष नाही का?

समांतर :
आहे की. तुमच्या मित्राने वडिलांच्या वेळी फोन केला नाही, ते कुठल्याही वर्तुळाने माफ होत नाही. मी सांगतोय ते रोजच्या शांततेबद्दल.

खारघरची :
मी उत्तरं न देणाऱ्यांपैकी आहे. नेहमी नाही, पण आयुष्यातला एक मोठा काळ. आत काय चालतं ते लिहिते, कारण बाहेरून ते निव्वळ बेपर्वाईसारखं दिसतं.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता, घरी मी एकटी. मैत्रिणीचा मेसेज यायचा, "कशी आहेस गं?" याला खरं उत्तर द्यायचं तर पानभर लिहावं लागेल, आणि "मजेत" लिहायचं तर खोटं. म्हणून उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून आधी माफी मागावी लागणार. आठवड्याने माफी आणखी मोठी हवी. महिन्याने नुसती माफी पुरणार नाही, कारण सांगावं लागेल. असं करत करत तिचं नाव स्क्रीनवर आलं की छातीत धस्स व्हायचं. ज्या माणसाशी सगळ्यात जास्त बोलायचं होतं, त्याच्याच मेसेजची भीती. ती बिचारी समजत होती की मला तिची किंमत नाही.

यातून बाहेर कशी आले? तिने एकदा लिहिलं, "उत्तर देऊ नकोस. आज गावदेवी मार्केटमध्ये तुझ्या आवडीची अळूची पानं दिसली, तुझी आठवण आली." एवढंच. प्रश्न नव्हता, म्हणून उत्तराचं ओझं नव्हतं. मी त्याच मिनिटाला उत्तर दिलं.

तेव्हा पाचपाखाडी, "कशी आहेस" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवून बघा.

आणि ज्यांची मैत्रीण अचानक गप्प झाली आहे, म्हणजे पूर्वी बोलायची आणि आता कोणाशीच बोलत नाही, त्यांनी तो आळस समजू नये. माझ्या वेळी मला कोणीतरी आयपीएचचं नाव सांगितलं. ठाण्यातली ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. आता सरकारची टेलिमानस ही फोनसेवाही आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मैत्रिणीने नुसता हा नंबर दिला तरी त्या वेळी तो खूप मोठा आधार असतो.

पाचपाखाडी :
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. खारघरची, तुमचा तर तीनदा वाचला. माझ्या ऐरोलीच्या मैत्रिणीचे वडील अंथरुणाला खिळून आहेत, हे मला माहीत आहे, पण तिच्या गप्प बसण्याशी मी ते कधी जोडलंच नव्हतं.

नौपाडा_जुना काका, कट्ट्याचं पटलं. पण तो आता आणायचा कुठून? आणि कोलशेत, तोंडाने विचारायचं म्हणजे नेमकं काय म्हणायचं? मी शब्द जुळवायला बसले की एकतर रडगाणं होतं, नाहीतर भांडण.

सीवूड्स_४० :
कट्ट्याचं मी सांगतो, आमचा चालू आहे.

आम्ही चार मित्र. दर महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी सात, सीवूड्सचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, तळ्याकाठचं उद्यान. विचारायचं नाही, कळवायचं नाही. जो आला तो आला. दोघंच आले तरी तळ्याला फेरी होते, चहा होतो. नाही आला त्याला "का नाही आलास" विचारायचं नाही, हा एकच नियम आम्ही कडक पाळतो. कारण एकदा खुलासे मागायला लागलं की न आलेला माणूस पुढच्या वेळीही यायला संकोचतो. पुढे ढकलायचंही नाही. तारीख हलवायला लागलं की पुन्हा कोणीतरी एक जण ती हलवणारा होतो, आणि आपण परत तिथेच येतो.

ठाण्याच्या माणसाने पनवेलची ट्रान्सहार्बर लोकल पकडायची आणि थेट सीवूड्सला उतरायचं. ऐरोलीकरही त्याच गाडीत चढेल. खारघरहून तर दोन स्टेशनं. तुमच्या कासारवडवलीच्या मैत्रिणीलाच काय तो त्रास, ठाणे स्टेशन गाठेपर्यंत.

सानपाडा_पूर्व :
कल्पना छान आहे, पण शनिवारी सकाळी सात घरातून निघणं किती बायकांना जमेल? मुलांची शाळा, डबे, सासऱ्यांचा चहा. पुरुषांच्या कट्ट्याची वेळ बायकांना चालत नाही, हे काकांच्या काळातही खरं असणार. तलावपाळीच्या त्या कट्ट्यावर बायका किती होत्या?

नौपाडा_जुना :
एकही नव्हती. आमच्या बायकांच्या भेटी हळदीकुंकवाला, भोंडल्याला, नाहीतर कोपीनेश्वराच्या देवळात व्हायच्या. पण तेही बघा, तारीख ठरलेलीच. बोलवायला एक दारोदार जायची, पण दिवस पंचांगात असायचा.

सीवूड्स_४० :
सानपाडा_पूर्व, मान्य. मग दुपार ठरवा. रविवारी जेवणं आटोपल्यावर, चार ते सहा. वेळ कुठलीही चालेल, ती ठरलेली हवी.

कोलशेत :
शब्दांचं. एकेकीला वेगळं लिहा, ग्रुपवर अजिबात नको. ग्रुपवर लिहिलं की चौघींपैकी प्रत्येकीला वाटतं हे बाकीच्या तिघींसाठी आहे. "तू कधीच", "तू नेहमी" हे शब्द टाळा. स्वतःला काय वाटतं ते सांगा आणि एक छोटी, करता येईल अशी गोष्ट मागा. मी असं काहीतरी लिहीन :

"तुझ्याशी बोललं की मला बरं वाटतं. पण दरवेळी फोन मीच करते, त्यामुळे हल्ली मनात येतं की तुला मी नको झाले की काय. तसं नसेल तर महिन्यातून एकदा तू फोन कर. दोन मिनिटं बोललीस तरी चालेल."

यात रडगाणं नाही, भांडण नाही. आणि "तसं असेल तर" पुढे काही लिहायचं नाही. ते तिचं तिला ठरवू द्या.

दिवागाव :
हे चांगलं आहे. मी त्याला एकदा असं विचारायला हवं होतं का, यावर विचार करतोय. पण वडिलांच्या वेळी विचारायला लागावं, हे मला अजूनही मान्य नाही.

घणसोली_से७ :
मला वाटतं, एवढी खटपट करण्यापेक्षा नवीन मित्र करावेत. जिथे राहतो तिथले. सोसायटीत, चालायला येणारे.

समांतर :
घणसोली, नवीन जरूर करावेत. पण त्याला वेळ लागतो. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या संशोधनात ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांच्या वर, असं दिसलं. शाळा-कॉलेजात ते तास कसे भरले हे आपल्याला कळलंही नाही. पाचपाखाडींच्या चौघींच्या बाबतीत ते भरून कधीच झाले आहेत, म्हणून तर भेटल्यावर गप्पा लगेच सुरू होतात. तेवढे तास आज नव्याने कोणाबरोबर काढणार?

पाचपाखाडी :
धागा वर काढतेय. दिवाळी होऊन गेली, जे घडलं ते सांगते.

कोलशेतच्या शब्दांत थोडा बदल करून तिघींना वेगवेगळं लिहिलं. ऐरोलीच्या मैत्रिणीला मात्र तो मेसेज नाही पाठवला. तिला लिहिलं, "काकांना बघायला रविवारी येते, जेवण घेऊन येते, तू काही करू नकोस." गेले. आम्ही त्यांच्या खोलीबाहेर दोन खुर्च्या टाकून बसलो. माझ्या मेसेजना उत्तर न देण्याचा विषय तिनेच काढला, मी काही विचारलं नाही. खारघरची, तुम्ही लिहिलंत तेच तिने जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं.

कासारवडवलीची म्हणाली की तिला आजवर वाटत होतं, हे सगळं जमवणं मला आवडतं, त्यात आपण मध्ये पडलो तर मला खपणार नाही. याचा मी स्वप्नातही विचार केला नव्हता. आवडतं हे खरंच आहे, पण एकटीने करायला आवडत नाही, हे मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. पुण्याची म्हणाली, "मला फोनवर बोलायला जमत नाही, घाबरायला होतं. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवत जाईन." आता तिचे लांबलचक व्हॉइस मेसेज येतात, स्वयंपाक करता करता बोललेले, मागे कुकरच्या शिट्ट्या. मी ते ट्रेनमध्ये ऐकते.

माझ्या खारघरच्या मैत्रिणीने मेसेज वाचला. उत्तर नाही. दिवाळीच्या शुभेच्छांनाही नाही.

तिसरा रविवार, दुपारी चार, नेरूळ, असं आम्ही ठरवून टाकलंय. पहिल्या वेळी दोघी होतो, पुढच्या वेळी तिघी. ऐरोलीची वडिलांजवळ भावाला बसवून तासाभरासाठी आली. मी कोणालाच आठवण करून दिली नाही. दुपारी तीन वाजता हात फोनकडे जात होता, पण नाही केला.

सानपाडा_पूर्व :
किती छान! पण त्या खारघरच्या मैत्रिणीचं काय? पुन्हा लिहिणार का?

दिवागाव :
मी तर म्हणेन नको. विचारून झालं, आता चेंडू तिच्याकडे.

खारघरची :
मी म्हणेन एकदा लिहा, पण मागचं काही काढू नका, आणि लगेच नको. मधे थोडे महिने जाऊ द्या. तिच्या घरी काय चाललंय हे आपल्याला माहीत नाही. पुढेही उत्तर आलं नाही तर मात्र दिवागाव म्हणतात ते बरोबर.

पाचपाखाडी :
दोघांचंही पटतंय. तिचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे, तेव्हा लिहीन. तिसऱ्या रविवारचं ठिकाण आणि वेळ त्यात असेल, प्रश्न एकही नसेल. त्यानंतर मी नाही लिहिणार.